प्रस्तावित दाहिनी, हवेचे प्रदूषण आणि आरोग्य : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीजवळ नवी गॅसदाहिनी किंवा विद्युतदाहिनी होणार असल्याचे कळले की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की या दाहिनीमुळे परिसरातील सगळे आजारी पडतील. दुसरे असे की यंत्र आधुनिक असल्याने धुराचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रस्तावाची कागदपत्रे वाचल्याशिवाय यांपैकी कोणतेही मत स्वीकारता येत नाही. ती कागदपत्रे वाचता यावीत आणि त्यांत काय नाही हे ओळखता यावे, यासाठी पुढील उत्तरे दिली आहेत.

स्मशानभूमी आधीपासूनच आहे. मग नव्या दाहिनीचे वेगळे मूल्यांकन कशासाठी?

कारण शहराची हवा आधीच मर्यादेच्या काठावर आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे मानक सातत्याने न गाठणारी जी शहरे त्यात घेतली गेली, त्यांत सोलापूरचा समावेश आहे. रस्त्यांवरची धूळ, वाहने, औद्योगिक वसाहतींतील बॉयलर आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा यांच्यात आणखी एका स्रोताची भर पडणार असेल, तर ती किती आणि कोणाच्या दारात पडणार, हे आधी तपासणे योग्य ठरते.

दुसरे कारण तुलनेचे आहे. नवी दाहिनी लाकडी चितांची जागा घेणार आहे की त्यांच्या जोडीला येणार आहे, यावर निष्कर्ष पूर्णपणे बदलतो. जागा घेणार असेल तर परिसराची हवा सुधारण्याचीच शक्यता अधिक असते. चिता तशाच चालू राहून इतर भागांतील अंत्यसंस्कारही तेथे आणले जाणार असतील, तर मात्र भर पडते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर या प्रश्नाचे उत्तर असायला हवे.

दाहिनीतून नेमके काय बाहेर पडते?

कोणत्याही ज्वलनातून बाहेर पडतात ते सूक्ष्म धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि थोड्या प्रमाणात सल्फर डायऑक्साइड. यांशिवाय हायड्रोजन क्लोराइड, अर्धवट जळालेली सेंद्रिय संयुगे, दातांत भरलेल्या मिश्रधातूतून येणारा पारा आणि अत्यल्प प्रमाणात डायॉक्सिन व फ्युरान ही क्लोरीनयुक्त विषारी संयुगे असतात. आरोग्याच्या दृष्टीने यांत सर्वांत जास्त लक्ष पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या कणांकडे द्यावे लागते, कारण ते फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतात आणि हृदयविकार, पक्षाघात व दम्याच्या त्रासाशी त्यांचा संबंध पक्का झालेला आहे.

डोळ्यांना दिसणारा काळा धूर हे अपूर्ण ज्वलनाचे लक्षण आहे. चिमणीतून काहीच दिसत नसेल तर काहीच बाहेर पडत नाही, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पाऱ्याची वाफ यांना दिसेल असा रंग नसतो.

लाकडी चिता, गॅसदाहिनी आणि विद्युतदाहिनी यांच्या प्रदूषणात किती फरक असतो?

फरक फार मोठा असतो. एका उघड्या चितेला साधारण ३०० ते ५०० किलो लाकूड लागते. उघड्यावर लाकूड जळताना किलोमागे ढोबळमानाने ५ ते १० ग्रॅम सूक्ष्म कण सुटतात असे धरले, तर ४०० किलोच्या चितेतून २ ते ४ किलो कण बाहेर पडतात. युरोपातील उत्सर्जन मोजणीच्या मार्गदर्शिकेत आधुनिक भट्टीसाठी एका देहामागे धरलेला आकडा सुमारे ३५ ग्रॅम आहे. दिवसाला सहा अंत्यसंस्कार धरले तर चितांमधून रोज सुमारे १८ किलो आणि चांगल्या भट्टीतून सुमारे २१० ग्रॅम, असा हा हिशेब होतो. शिवाय चितेचा धूर माणसाच्या उंचीवर सुटतो आणि भट्टीचा चिमणीच्या टोकावरून, त्यामुळे शेजारच्या घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रमाणातील तफावत याहूनही मोठी असते.

या तुलनेत एक अट दडलेली आहे. ३५ ग्रॅमचा आकडा दोन कप्प्यांच्या, पुरेशा तापलेल्या, नीट देखभाल केलेल्या भट्टीचा आहे. पहिल्या कप्प्यात देह जळतो आणि तेथून निघालेले वायू दुसऱ्या कप्प्यात ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे दोन सेकंद राहतात, तेव्हा अर्धवट जळालेली संयुगे नष्ट होतात. दुसरा कप्पा नसलेली, किंवा असूनही गॅस वाचवण्यासाठी त्याचा बर्नर बंद ठेवलेली भट्टी केवळ नावाने आधुनिक असते. निविदेत ‘धूररहित’ असा शब्द असेल तर त्यावर समाधान न मानता दुसऱ्या कप्प्याचे तापमान आणि वायू तेथे थांबण्याचा काळ लेखी मागावा.

झाकण आणि चिमणी असलेली सुधारित चिता हा मधला पर्याय आहे. तीत लाकूड १०० ते १५० किलोपर्यंत खाली येते आणि लाकडावरच दहन व्हावे अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ती स्वीकारता येते. विद्युतदाहिनीत जागेवर इंधनाचा धूर नसतो, परंतु देहाच्या ज्वलनातून निघणारे वायू असतातच. ती वीज बहुतांशी कोळशावर तयार होते, हेही ध्यानात असावे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा कोळशावरील वीजप्रकल्प येथून फार दूर नाही. वीज गेल्यावर डिझेल जनित्र चालवले जाणार असेल तर त्याचा धूरही हिशेबात धरावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक वेळा विसरला जातो.

दिवसाला किती अंत्यसंस्कार होतील, हे कसे ठरवतात?

हा आकडा चुकला की पुढचे सगळे गणित चुकते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९.५ लाख होती. हजारी सुमारे ६ हा मृत्युदर धरला तर वर्षाला ५,७०० म्हणजे दिवसाला १५ ते १६ मृत्यू होतात. यांतील सगळे दहनासाठी येत नाहीत. मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांबरोबरच लिंगायत समाजातही दफनाची परंपरा आहे, आणि सोलापुरात लिंगायत समाजाची संख्या लक्षणीय आहे. उरलेले अंत्यसंस्कारही शहरातील वेगवेगळ्या स्मशानभूमींत विभागले जातात. त्यामुळे मनपाच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातील आणि संबंधित स्मशानभूमीच्या नोंदवहीतील किमान तीन वर्षांचे महिनावार आकडे अहवालात असावेत.

त्यासोबत कमाल भाराचे चित्रही हवे. एका दहनाला ७५ मिनिटे लागत असतील तर दिवसभरात आठ-दहा अंत्यसंस्कार शक्य असतात. अहवालात मात्र सरासरी तीनच धरलेले असतात. एप्रिल २०२१ मध्ये सुरतेत अखंड चाललेल्या दाहिन्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. साथीच्या काळात भट्टीवर किती ताण येतो हे तेव्हा दिसले. वर्षाची सरासरी आणि सर्वांत वाईट दिवस, अशी दोन्ही गणिते स्वतंत्रपणे केली पाहिजेत.

हवेवरील परिणामांचे मूल्यांकन प्रत्यक्षात कसे केले जाते?

आधी परिसराची सध्याची हवा मोजतात. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सोलापुरातील मोजणी केंद्र आणि केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवरील आकडे यासाठी उपयोगी पडतात. परंतु ते शहराच्या एका बिंदूचे असतात, म्हणून प्रस्तावित जागेवर वेगळी मोजणी करावी. ती निदान हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशी दोनदा व्हायला हवी. पावसाळ्यात केलेली मोजणी हवेला धुऊन काढलेले चित्र दाखवते.

त्यानंतर उत्सर्जन ठरवतात, म्हणजे चिमणीतून दर सेकंदाला किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडेल. मग चिमणीची उंची, तोंडाचा व्यास, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान व वेग आणि किमान एका वर्षाची तासावार हवामानाची माहिती संगणकीय प्रारूपाला पुरवतात. एर्मॉड हे यासाठी वापरले जाणारे एक प्रचलित प्रारूप आहे. प्रत्येक ठिकाणी जमिनीलगत किती भर पडेल ते त्यातून कळते. ही भर आधीच्या प्रमाणात मिळवून येणारी बेरीज मानकाशी ताडून पाहतात. आरोग्याची जोखीम हा त्यापुढचा टप्पा असून त्यात श्वासातून आणि पाऱ्यासारख्या पदार्थांच्या बाबतीत माती व अन्नातून शरीरात किती जाईल, याचा अंदाज बांधतात.

‘भर मर्यादेपेक्षा कमी आहे’ असे अहवालात लिहिलेले असते, तेव्हा ती केवळ दाहिनीची भर आहे की एकूण बेरीज आहे, हे जरूर पाहावे. सर्वांत सोयीची चूक बहुधा तेथेच सापडते.

एखादे ढोबळ गणित करून दाखवता येईल का?

होय. एका दहनात ३५ ग्रॅम कण ७५ मिनिटांत म्हणजे ४,५०० सेकंदांत बाहेर पडतात असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मिलिग्रॅम झाले. चिमणी ३० मीटर असून गरम वायू आणखी पाच मीटर वर चढतो आणि वारा सेकंदाला २ मीटर आहे, असे मानले तर पाठ्यपुस्तकातील गॉसियन सूत्राने, म्हणजे वाऱ्याबरोबर धूर कसा पसरतो ते सांगणाऱ्या सूत्राने, जमिनीवरची कमाल तासाची भर घनमीटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. वर उल्लेखलेल्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार एका दहनातून सुमारे ८२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे निघतात. त्यांची भर याच पद्धतीने सुमारे १० मायक्रोग्रॅम येते.

आता परिणामकारक उंची, म्हणजे चिमणीची उंची आणि गरम वायूची चढण यांची बेरीज, ३५ ऐवजी १७ मीटर धरली, तर या सूत्रात जमिनीवरचे कमाल प्रमाण उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने दोन्ही आकडे सुमारे चौपट होतात. ८ मिलिग्रॅमऐवजी बिघडलेल्या भट्टीचे ८० मिलिग्रॅम धरले तर त्यावर आणखी दहापट. अर्ध्या मायक्रोग्रॅमचे २० मायक्रोग्रॅम व्हायला एक आखूड चिमणी आणि एक नादुरुस्त बर्नर पुरेसा आहे. हे गणित प्रारूपाची जागा घेऊ शकत नाही, परंतु अहवालातील आकडा पटण्याजोगा आहे की नाही याचा अंदाज त्यावरून नक्की येतो.

सोलापूरच्या वाऱ्याचा आणि हवामानाचा काय परिणाम होतो?

पावसाळ्यात येथे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात वारा मंद होऊन मुख्यतः पूर्वेकडील दिशांनी येतो. म्हणून ‘वारा वस्तीकडून स्मशानाकडे वाहतो’ हे विधान वर्षातील काही महिन्यांपुरतेच खरे असते. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तापलेली हवा वेगाने वर चढते आणि धूर उंचावर विरून जातो. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. ही उलटलेली स्थिती झाकणासारखी काम करते आणि खालचा धूर खालीच राहतो. पहाटे शहरावर पसरलेला निळसर पट्टा अनेकांनी पाहिला असेल.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. थंडीच्या दिवसांत शक्य तेथे दहनाची वेळ सकाळी नऊनंतरची ठेवली, तरी परिसरातील भर कमी होते. अहवाल वाचताना वाऱ्याची दिशादर्शक आकृती कोणत्या वेधशाळेच्या नोंदींवर बेतली आहे, तेही पाहावे. मुंबईच्या कुलाबा केंद्राचा वारा सोलापूरच्या गणितात काही कामाचा नाही.

चिमणी किती उंच असावी?

केंद्रीय मंडळाचे एक जुने सूत्र आहे : तासाला सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंतील आकड्याचा ०.३ वा घात घेऊन त्याला १४ ने गुणायचे. दाहिनीतून सल्फर फारच थोडा सुटत असल्याने या सूत्राने उंची जेमतेम ७ मीटर येते. एवढ्या उंचीवर समाधान मानणारा अहवाल कागदोपत्री बरोबर असला तरी व्यवहारात चुकलेला असतो, कारण शेजारच्या इमारतींमुळे वारा खाली ओढला जातो आणि चिमणीचा धूर त्यासोबत खिडक्यांपर्यंत उतरतो. हे टाळण्यासाठी चिमणी जवळच्या रुंद इमारतीच्या उंचीच्या अडीचपट असावी, असा अभियंत्यांचा दंडक आहे. शेजारी १४ मीटरची चार मजली इमारत असेल तर ही उंची ३५ मीटर होते. आपल्याकडे दाहिनीसाठी ३० मीटरची चिमणी सर्रास बांधली जाते. ती सुरुवात म्हणून ठीक आहे, परंतु नंतर शेजारी उंच इमारती झाल्या तर पुरेशी राहीलच असे नाही.

उंच चिमणी म्हटली की सोलापूरकरांना होटगी रस्त्यावरील विमानतळ आठवणारच. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानसेवेतील अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. ३० मीटरची चिमणी तिच्यापेक्षा खूपच लहान असली, तरी जागा विमानतळाच्या परिसरात असेल तर उंचीची परवानगी बांधकामापूर्वीच घेतलेली बरी.

पाऱ्याचा धोका किती गंभीर आहे?

दातांत भरल्या जाणाऱ्या चंदेरी मिश्रधातूत सुमारे निम्मा पारा असतो आणि भट्टीच्या तापमानाला त्याची संपूर्ण वाफ होते. दुसऱ्या कप्प्यात तो नष्ट होत नाही, कारण पारा हे मूलद्रव्य आहे. तो जळून संपत नाही. पाश्चात्य देशांत एका दहनामागे १ ते ४ ग्रॅम पारा धरला जातो. म्हणून ब्रिटनने २०१२ अखेरपर्यंत निम्म्या दहनांतील पारा अडवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आपल्याकडील वृद्ध पिढीत दात भरून घेण्यापेक्षा काढून टाकण्याची रीत अधिक होती, त्यामुळे येथील आकडा बराच कमी असावा. तरीही अहवालात तो शून्य धरलेला असेल तर कारण विचारावे. श्वासावाटे येणाऱ्या पाऱ्याच्या वाफेसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घनमीटरला ०.३ मायक्रोग्रॅम ही दीर्घकालीन संदर्भपातळी ठरवली आहे. प्रारूपातून येणारा आकडा तिच्याशी ताडून पाहता येतो.

डायॉक्सिनबद्दल बरेच ऐकू येते. त्यात तथ्य किती?

चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या परिशिष्टात डायॉक्सिनच्या संभाव्य स्रोतांमध्ये दाहिन्यांचा उल्लेख आहे आणि भारताने २००६ मध्ये हा करार मान्य केला आहे. म्हणजे भीती निराधार नाही. मात्र सुस्थितीतील भट्टीतून सुटणारे प्रमाण अतिशय अल्प असते. क्लोरीन असलेले प्लॅस्टिक आणि कमी तापमान एकत्र आले की ते वाढते. म्हणून येथे उपाय भट्टीच्या दारातच आहे : पीव्हीसीची पिशवी, प्लॅस्टिकची फुले, हारांवरची चकचकीत वेष्टणे, कृत्रिम धाग्याच्या शाली व साड्या आत जाऊ देऊ नयेत. चादरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात अंत्यसंस्कारासाठी सुती वस्त्र मिळणे अवघड नाही. पावसाळ्यात चिता पेटवण्यासाठी टायर किंवा रॉकेल वापरले जाते, तो प्रकार याहून कितीतरी घातक असतो आणि त्याची तक्रार सहसा कोणी करत नाही.

मृताच्या शरीरात पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो. बंद भट्टीत त्याचा स्फोट होऊन अस्तराचे नुकसान होऊ शकते आणि चालकाला इजा पोहोचू शकते.

धुरातून रोगजंतू पसरतात का?

नाही. भट्टीतील तापमानाला कोणताही जिवाणू किंवा विषाणू टिकत नाही.

आकडे भारतीय मानकाच्या आत असतील तर परिसर सुरक्षित मानायचा का?

कायद्याच्या दृष्टीने होय, आरोग्याच्या दृष्टीने अंशतः. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ५ आणि १५ असे सुचवले. ज्याच्या खाली काहीच अपाय होत नाही अशी पातळी सूक्ष्म कणांच्या बाबतीत आढळलेली नाही. म्हणून ‘३९ असल्यास सुरक्षित आणि ४१ असल्यास धोकादायक’ अशी रेघ शरीर ओळखत नाही. कर्करोगकारक पदार्थांच्या बाबतीत दहा लाखांत एक जादा रुग्ण ही जोखीम नगण्य आणि दहा हजारांत एक ही अस्वीकार्यतेच्या सीमेवरची, असा अमेरिकी संस्थेचा पायंडा आहे. चांगल्या अहवालात हा आकडाही दिलेला असतो.

सर्वाधिक धोका कोणाला असतो?

सर्वांत आधी दाहिनीवर काम करणाऱ्यांना. भट्टीचे दार उघडणारा, राख ओढून काढणारा आणि चितांमध्ये दिवसभर वावरणारा कर्मचारी जे श्वासात घेतो, ते दोनशे मीटरवरील घरात बसलेल्याच्या कितीतरी पट असते. त्याच्यासाठी योग्य मुखपट्टी, भट्टीच्या दारावरील शोषक हूड, उष्णतेपासून विश्रांती आणि दरवर्षीची फुप्फुस-तपासणी या गोष्टी प्रस्तावात असायला हव्यात. ‘परिसरातील नागरिक’ या शब्दांत हा माणूस बहुधा मोजलेलाच नसतो.

त्यानंतर लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दम्याचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण येतात. सोलापुरात आणखी एक गट विसरता येणार नाही. विडी वळणाऱ्या महिला तंबाखूच्या धुळीत आणि यंत्रमाग कामगार सुताच्या तुसात वर्षानुवर्षे काम करतात. ज्या फुप्फुसांवर आधीच भार आहे त्यांना थोडी भरही जास्त जाणवते. प्रस्तावित जागेभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये किती शाळा, अंगणवाड्या, रुग्णालये आणि अशा कामगारांच्या वसाहती आहेत, याचा नकाशा मूल्यांकनात असणे आवश्यक आहे.

दाहिनी घरांपासून किती अंतरावर असावी?

ब्रिटनच्या १९०२ च्या कायद्यात घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय घरापासून २०० यार्डांच्या म्हणजे सुमारे १८३ मीटरच्या आत दाहिनी बांधता येत नाही, अशी तरतूद केली गेली. तेव्हा धुराच्या प्रसाराचे शास्त्र अस्तित्वातही नव्हते, त्यामुळे हा आकडा संकेतासारखा वापरावा. उंच चिमणीचा धूर अगदी पायथ्याशी न पडता काहीशे मीटरवर जमिनीला टेकतो. सर्वाधिक भर कधी कधी सर्वांत जवळच्या घराऐवजी त्यामागच्या वसाहतीत पडते, आणि तेथे कोणाला प्रस्तावाची कल्पनाही नसते. अंतराचे उत्तर प्रारूपाच्या नकाशातूनच मिळवावे.

आजवरच्या अभ्यासांत दाहिनीजवळच्या लोकांना आजार झाल्याचे आढळले आहे का?

या विषयावरील अभ्यास थोडे आहेत. इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यातील १९५६ ते १९९३ या काळातील जन्मनोंदींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दाहिन्यांच्या जवळ मृत-जन्माचे आणि एका विशिष्ट जन्मदोषाचे प्रमाण काहीसे वाढलेले दिसले. परंतु त्यावरून दाहिनीच कारणीभूत आहे असे ठरवता येत नाही, हे अभ्यासकांनीच नमूद केले. त्या काळातील भट्ट्यांवर आजच्यासारखे नियंत्रणही नव्हते. हा अभ्यास भीती पसरवण्यासाठी वापरणे चूक आहे आणि तो दडपणे हीसुद्धा चूकच आहे.

दाहिनीसाठी पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी बंधनकारक आहे का?

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत दाहिनी नाही, त्यामुळे त्या अधिसूचनेखालील जनसुनावणीही नाही. स्मशानभूमीची जबाबदारी महानगरपालिकेची आहे आणि हवेच्या प्रदूषणावर १९८१ च्या वायू अधिनियमानुसार राज्य मंडळाचे नियंत्रण आहे. सविस्तर मूल्यांकन कायद्याने आपोआप होत नाही. ते नागरिकांनी आणि नगरसेवकांनी मागितले तरच होण्याची शक्यता असते. वाद विकोपाला गेल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. याच न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये लाकडी दहनाला पर्याय उपलब्ध करून देण्याबाबत केंद्र आणि दिल्ली सरकारला निर्देश दिले होते, हे दाहिनीला सरसकट विरोध करणाऱ्यांनी विचारात घ्यावे.

कोणती कागदपत्रे मागावीत?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली भट्टीची तांत्रिक विनिर्देशपत्रिका, निविदेतील उत्सर्जनाची हमी, जागेचा आराखडा, चिमणीचे गणित, मंडळाशी झालेला पत्रव्यवहार आणि वार्षिक देखभालीचा करार मागता येतो. यांतील शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे. दाहिनी बांधायला निधी मिळतो. अस्तराच्या विटा बदलायला आणि बर्नर दुरुस्त करायला तो मिळत नाही. भट्टी बंद पडली की शेजारी पुन्हा लाकडी चिता पेटतात आणि कागदावरचे सगळे गणित निरर्थक होते.

हमीचे आकडे कोणत्या पातळीचे असावेत, असा प्रश्न पडल्यास २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतील भस्मीकरण यंत्रांची मर्यादा तुलनेसाठी घेता येते. ती दाहिनीला लागू नाही, परंतु त्यात धूलिकण घनमीटरला ५० मिलिग्रॅम, पारा ०.०५ मिलिग्रॅम आणि डायॉक्सिन ०.१ नॅनोग्रॅम असे स्पष्ट आकडे आहेत. निविदेत यांच्या जवळपासचे आकडे नसतील तर का नाहीत, ते विचारावे.

दाहिनी सुरू झाल्यानंतर काय तपासावे?

चिमणीला नमुना घेण्याचे छिद्र, शिडी आणि उभे राहण्यास मचाण आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. ही सोय बांधकामाच्या वेळीच केली नाही तर पुढे मोजणी होणे कठीण. वर्षातून किमान दोनदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून चिमणीतील वायूंची तपासणी व्हावी, आणि ती रिकाम्या भट्टीवर न होता प्रत्यक्ष दहन चालू असताना व्हावी. दुसऱ्या कप्प्याचे तापमान आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सतत नोंद करणारे यंत्र असेल, तर भट्टी थंड असताना देह आत घेतला की काय, ते नंतरही कळू शकते.

धुराचा किंवा वासाचा त्रास झाल्यास तक्रार कशी करावी?

‘नेहमी धूर असतो’ अशा तक्रारीवर काहीच करता येत नाही. तारीख, धूर दिसू लागल्याची व थांबल्याची वेळ, धुराचा रंग, वाऱ्याची दिशा आणि आपण कोठून पाहिले, एवढे पाच मुद्दे वहीत लिहावेत; शक्य असल्यास चिमणी आणि आकाश दोन्ही दिसतील असे छायाचित्र घ्यावे, मात्र शोकाकुल कुटुंबीय त्यात येऊ देऊ नयेत. महिनाभराच्या अशा नोंदी दाहिनीच्या नोंदवहीतील वेळांशी आणि तापमानाच्या आलेखाशी जुळवल्या, की दोष बर्नरचा आहे, दार वारंवार उघडण्याचा आहे की शेजारी जळणाऱ्या कचऱ्याचा आहे, हे बहुतेक वेळा स्पष्ट होते. ही वही मनपाच्या विभागीय कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात, दोन्हीकडे एकाच दिवशी द्यावी आणि पोच घ्यावी.